बॅगेत ठेवला की कॅमेरा बिघडतो: जुन्या फिल्म कॅमेऱ्याची बॅग तपासणं आणि निवडणं

बॅटरी दर पंधरवड्याला संपते. छत्तीस फ्रेमच्या रोलमध्ये तीन-चार फ्रेम कोऱ्या निघतात. कधी सलग काही निगेटिव्ह काळवंडून येतात. साफ करून आणलेल्या लेन्समध्ये दमट हवेचे दोन महिने गेले की पुन्हा बुरशीचे धागे दिसतात. कॅमेरा दुरुस्तीला जातो, तिथे टेबलावर व्यवस्थित चालतो, परत येतो आणि महिन्याभरात तीच तक्रार सुरू होते. अशा वेळी कॅमेरा पुन्हा उघडायला देण्याआधी तो ज्या बॅगेत फिरतो ती बॅग तपासा.

आज मिळणाऱ्या बहुतेक कॅमेरा बॅगा डिजिटल कॅमेऱ्यांसाठी आखलेल्या असतात. त्या कॅमेऱ्यांना मेन स्विच असतो, थोडा वेळ हात लावला नाही तर ते आपोआप झोपतात, आणि बॅगेत एखादं बटण दाबलं गेलं तरी फार तर एक नको असलेला फोटो निघतो. जुन्या कॅमेऱ्याचं तसं नसतं. त्याचा वाइंडिंग लीव्हर बाहेर येतो, रिवाइंडची खुंटी वर ओढली जाते, शटरच्या बटणाला बऱ्याचदा कुलूपच नसतं, आणि उजेड मोजणारा मीटर चालू राहिला तर तो आपोआप बंद करणारी कुठलीही यंत्रणा आत नसते. त्यामुळे बॅग घट्ट आहे म्हणजे सुरक्षित आहे हा हिशेब इथे चालत नाही. घट्ट बॅग जुन्या कॅमेऱ्याच्या खुंट्या-कळा स्वतःच फिरवते.

आधी दोष कोणाचा ते ठरवा

यासाठी रोल वाया घालवावा लागत नाही. कॅमेरा रिकामा घ्या. मागचं झाकण बंद करा आणि लीव्हर ओढून, शटर सोडून काउंटर दहाच्या आसपास आणा. शेवटी एकदा लीव्हर ओढून शटर ताणलेलं ठेवा. मीटरला स्विच असेल तर तो बंद करा. लेन्स अनंतावर आणा, अ‍ॅपर्चर ८ वर, स्पीड १/१२५ वर, एएसए (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) जिथे आहे तिथेच. आता कॅमेऱ्याचा वरून, पुढून आणि दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कॅमेरा नेहमी ठेवता तसाच बॅगेत ठेवा, नेहमीचं बाकी सामानही भरा, आणि अर्धा तास चाला. जिने चढा-उतरा, बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्या, दोन वेळा खाली ठेवून उचला.

परत आल्यावर कॅमेरा हळूच बाहेर काढा आणि काढलेल्या फोटोंशी ताडून पाहा. लीव्हर पुन्हा ओढला जात असेल तर बॅगेत शटर सुटलं आहे. काउंटर परत ‘एस’वर, म्हणजे सुरुवातीच्या खुणेवर, गेला असेल तर मागचं झाकण उघडून मिटलं आहे. लीव्हर अंगापासून सुटून उभा असेल, मीटरचा स्विच सरकला असेल, एएसएची चकती एक खाच पुढे गेली असेल, तर ते डोळ्यांना दिसेलच. एएसए एका खाचेने हलणं फार फसवं असतं, कारण फोटो येतात, पण सगळे थोडे उजळ किंवा थोडे काळपट, आणि दोष मीटरवर ढकलला जातो. ही फेरी तीन वेळा करा. तिन्ही वेळा काहीच हललं नाही तर बॅग निर्दोष आहे आणि कॅमेरा उघडून पाहणं रास्त आहे.

काहीतरी हललं, पण नेमकं कुठे दाबलं जातं ते कळत नसेल तर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल वापरा. सैलसर चुरगळून तिचे आवळ्याएवढे गोळे करा. एक शटरच्या बटणावर, एक रिवाइंडच्या खुंटीवर, एक प्रिझमवर (मधल्या उंचवट्यावर) ठेवून बॅगेचं झाकण नेहमीसारखं बंद करा आणि वरून हाताने हलकं दाबा. उघडल्यावर चपटे झालेले गोळे पट्टीने मोजा. गोळा १० मिमीपेक्षा पातळ झाला असेल तर त्या जागी बॅग कॅमेऱ्याला टेकते.

कोऱ्या फ्रेम

निगेटिव्हवर फ्रेमची जागा पूर्ण पारदर्शक, कडेचे आकडे मात्र स्वच्छ छापलेले, आणि अशा फ्रेम दिवसाच्या पहिल्या फोटोच्या आधी येतात. हे चित्र दिसलं की शटर बॅगेत सुटलं असं समजा. वापरणाऱ्याला वाटतं आपण लीव्हर ओढायला विसरलो होतो, तो पुन्हा ओढतो, आणि एक फ्रेम जाते.

पहिला उपाय सवयीचा आहे. फोटो काढल्यावर लगेच लीव्हर ओढू नका, पुढच्या फोटोच्या वेळी ओढा. शटर ताणलेलं नसेल तर बॅगेत बटण कितीही दाबलं गेलं तरी फ्रेम जात नाही. पेंटॅक्स के१००० सारख्या कॅमेऱ्याला बटणाचं कुलूप नाहीच, तिथे हाच खरा उपाय. निकॉन एफएम आणि एफईमध्ये लीव्हर अंगाला चिकटवून बसवला की बटण बंद होतं. निकॉन एफ२ मध्ये बटणाभोवतीची कडी ‘एल’वर फिरवायची. कॅनन ए-१ आणि एई-१ प्रोग्रॅमला ‘एल’ स्थिती आहे. बटणाच्या आट्यांमध्ये बसवलेली शोभेची गोल टोपी असेल तर ती प्रवासात काढून ठेवा. ती बटण काही मिलिमीटर उंच करते आणि डिव्हायडरच्या (बॅगेतल्या कप्प्यांमधल्या भिंतीच्या) काठाला बरोबर अडकते.

या सवयीला अपवाद आहेत आणि ते विसरले तर नुकसान मोठं होतं. हॅसलब्लाड ५०० मालिकेत बॉडी आणि लेन्स दोन्ही ताणलेल्या असतानाच लेन्स काढायची-लावायची असते. बॅगेत लेन्स वेगळी ठेवणार असाल तर दोन्ही ताणूनच ठेवाव्या लागतात. रोलाय ३५ ची लेन्स शटर ताणलेलं असतानाच आत ढकलता येते. न ताणता ती जोर लावून दाबली तर आतली रचना मोडते. या कॅमेऱ्यांसाठी बॅगेतली वरची मोकळी जागा हाच बचाव आहे.

बॅटरी पुन्हा पुन्हा संपते

इथे आधी बॅटरीचा प्रकार पाहा. पाऱ्याच्या जुन्या सेलऐवजी झिंक-एअर सेल घातला असेल तर त्याचं स्टिकर काढल्या क्षणापासून तो हवेने झिजायला लागतो आणि वापर असो वा नसो, थोड्याच महिन्यांत संपतो. त्यात बॅगेचा दोष नाही. सिल्व्हर ऑक्साइड किंवा अल्कलाइन सेल मात्र पंधरा दिवसांत संपत असेल तर मीटर बॅगेत चालू राहतोय.

कुठल्या कॅमेऱ्यात काय होतं ते माहीत असलं की उपाय सोपा होतो. निकॉन एफएम आणि एफईमध्ये लीव्हर थोडा बाहेर असणं म्हणजेच मीटर चालू. उजव्या बाजूचा डिव्हायडर मऊ आणि फुगीर असेल तर कॅमेरा आत सरकवताना तो लीव्हरच्या टोकाला धरतो आणि बाहेर ओढतो. असा कॅमेरा आत घालताना उजवी बाजू आधी उतरवा आणि अंगठ्याने लीव्हर दाबून धरा, किंवा त्या बाजूला गुळगुळीत अस्तराचा, कडक डिव्हायडर लावा. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचा स्विच लेन्सच्या बाजूला आहे आणि वर ढकलला की मीटर चालू होतो. लेन्स खाली करून घट्ट कप्प्यात दाबलं की तो नेमका वर जातो. ऑलिंपस ओएम-१ चा स्विच वरच्या पत्र्यावर आहे, मिनोल्टा एसआरटी-१०१ चा तळाला. तळाचा स्विच घासून फिरू नये म्हणून त्या कॅमेऱ्याखाली खरखरीत वेल्क्रोचा तुकडा ठेवू नका. के१००० ला मीटरचा स्विचच नाही. लेन्सवर टोपण असलं की आत अंधार होतो, उजेड जाणवणाऱ्या सीडीएस सेलमधून जाणारा प्रवाह अगदी कमी होतो आणि बॅटरी टिकते. बॅगेत टोपण निघत असेल तर बॅटरीही जाणार. त्यामुळे के१००० वाल्यांनी सैल झालेलं टोपण लगेच बदलावं.

काही फ्रेम काळवंडलेल्या

बहुतेक ३५ मिमी एसएलआरचं (लेन्समधूनच आरशाने दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं) मागचं झाकण रिवाइंडची खुंटी वर ओढली की उघडतं. खुंटीखाली बॅगेच्या कप्प्याची इलॅस्टिकची पट्टी, चार्जरची वायर किंवा कॅमेऱ्याचाच पट्टा अडकला, आणि तुम्ही कॅमेरा घाईने वर खेचलात, की झाकण क्षणभर उघडतं. पुष्कळदा ते लगेच मिटतंही, म्हणून लक्षात येत नाही.

निगेटिव्ह पाहून ओळखता येतं. झाकण उघडलं असेल तर त्या क्षणी गेटमध्ये (लेन्समागच्या चौकटीत) असलेली फ्रेम आणि नुकत्याच काढलेल्या फ्रेम सर्वांत जास्त काळ्या होतात, कारण टेक-अप स्पूलवर (काढलेली फिल्म गुंडाळणाऱ्या रिळावर) त्याच सर्वांत बाहेरच्या वेढ्यात असतात. त्याआधीच्या फ्रेम जसजशा आत जातात तशा वाचतात, फक्त त्यांच्या कडा धुरकटतात. पुढच्या न काढलेल्या फ्रेम कॅसेटच्या आत असल्याने स्वच्छ राहतात. याउलट झाकणाच्या खाचेतला स्पंज गळून गेला असेल तर उजेडाचा पट्टा बऱ्याच फ्रेमवर ठरावीक जागी, बहुधा बिजागरीच्या बाजूला येतो, आणि कॅमेरा उन्हात जास्त वेळ राहिला की वाढतो. पहिला दोष बॅगेचा, दुसरा कॅमेऱ्याचा. दुसऱ्यासाठी नवीन लाइट सील बसवून घ्यावेत.

उपाय: कॅमेरा असलेल्या कप्प्यात दुसरं काहीही ठेवायचं नाही. पट्टा कॅमेऱ्याभोवती गुंडाळू नका, तो लेन्सच्या पुढच्या मोकळ्या जागेत घडी करून ठेवा. कॅमेरा पट्ट्याला धरून बाहेर ओढू नका, प्रिझमच्या दोन बाजूंना बोटं घालून उचला. तशी बोटं घालायला जागा नसेल तर तो कप्पा त्या कॅमेऱ्यासाठी लहान आहे.

बुरशी

सर्वांत जास्त नुकसान हीच तक्रार करते, आणि सर्वांत जास्त गैरसमजही हिच्याबद्दल आहेत. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यांना टाळता येत नाही. त्यांना वाढायला सापेक्ष आर्द्रता साधारण ६० ते ६५ टक्क्यांच्या वर, अंधार आणि न हलणारी हवा लागते. चेन लावून कपाटात ठेवलेली जाड गादीची बॅग या सगळ्या गोष्टी एकत्र पुरवते. घामाने भिजलेला पट्टा, ओलसर पुसणी, पावसाचे चार थेंब पडलेलं झाकण, हे सगळं पाणी फोम आणि कापडात मुरतं आणि हळूहळू बॅगेतल्या हवेत येत राहतं.

कातड्याचं जुनं कव्हर, जे कॅमेऱ्याबरोबरच मिळायचं, ते याहून वाईट. दिसायला सुंदर, हातात धरायला सुखाचं, पण कातडं ओल शोषतं आणि सोडत नाही. कातड्याला लागून असलेल्या पितळी रिव्हेट आणि बकलांवर हिरवट मेणचट थर चढतो, तोही याच ओलीने आणि कातड्यातल्या तेल-आम्लांमुळे. हे कव्हर फिरायला जाताना वापरा, पण कॅमेरा त्यात साठवून ठेवू नका. कव्हर वेगळं, कॅमेरा वेगळा.

बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या की काम झालं असं समजणं हा सर्रास होणारा घोटाळा. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकं पाणी घेतं. कापडी बॅगेतून बाहेरची हवा सतत आत येत असते, त्यामुळे पाच-दहा ग्रॅमची पुडी दमट हवेत एक-दोन दिवसांत भरून जाते आणि मग नुसती पडून राहते. जेल काम करतं ते हवाबंद डब्यात. म्हणून रचना अशी ठेवा: फिरताना बॅग, घरी आल्यावर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा. दहा लिटरच्या डब्याला दोनशे ग्रॅम जेल आणि आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर पुरतो. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवा. ३० च्या खाली नेण्यात फायदा नाही, उलट कातड्याचं आवरण आणि जुने डिंक कोरडे पडून सुटायला लागतात. जेलचे नारिंगी दाणे ओल भरून हिरवे झाले की ते धातूच्या ताटलीत पसरून ११० ते १२० अंश सेल्सियसवर दोन-तीन तास तापवा. निळे दाणे कोबाल्ट क्लोराइडचे असतात, ते विषारी आहेत. अन्न शिजतं त्या ओव्हनमध्ये ते तापवू नका, आणि निवड हातात असेल तर नारिंगीच घ्या.

डब्यात कॅमेरा ठेवला तरी बॅगेकडे दुर्लक्ष नको. घरी आल्यावर बॅग पूर्ण रिकामी करा, डिव्हायडर उपटून काढा, झाकण उघडं ठेवून ती वाऱ्यावर टांगा. कुबट वास येत असेल तर आधी सगळे कोपरे व्हॅक्यूमने झाडा, मग डिव्हायडर कोमट पाण्यात सौम्य साबणाने हातानेच धुवा. आतली गादी ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. डिव्हायडर वरून कोरडे लागले तरी आतला फोम दुसऱ्या दिवशीही ओला असतो, त्यामुळे दोन पूर्ण दिवस हवेशीर जागी वाळू द्या. धुऊनही वास परत आला तर ओल फोममध्ये खोलवर गेली आहे. ती बॅग कॅमेऱ्यासाठी संपली, दुसऱ्या कामाला लावा.

डांबरगोळ्या बॅगेत कधीही टाकू नका. त्यांची वाफ काचेवर थर धरते आणि काही प्लास्टिक मऊ करते.

थंड जागेतून उबदार, दमट जागेत आलात तर चेन लगेच उघडू नका. कॅमेरा बंद बॅगेतच तास-दीड तास राहू द्या. जाड गादीचा इथे उपयोग होतो: कॅमेरा हळूहळू गरम होतो आणि लेन्सच्या आतल्या काचांवर दव धरत नाही.

चिकट काळे कण

फोकसिंग स्क्रीनवर काळे ठिपके, आरशावर डांबरासारखा डाग, शटरच्या पात्यांवर चिकटपणा. याचे दोन उगम असतात: आरसा आदळतो तिथला कॅमेऱ्यातलाच स्पंज, किंवा जुन्या बॅगेतला फोम. दोन्ही बहुधा पॉलियुरेथेनचे असतात, आणि हवेतल्या ओलीने पॉलियुरेथेन वर्षांनुवर्षं सुटत जातं. आधी लवचीकपणा जातो, मग ते चिकट होतं, शेवटी भुसा होतो.

बॅगेची परीक्षा साधी आहे. अस्तराच्या आतला फोम अंगठ्याने दाबा आणि सोडा. खड्डा दोन-तीन सेकंदांत भरून आला नाही, किंवा दाबताना आत भुरभुर जाणवली, तर फोम गेला. अस्तराच्या शिलाईवर पांढरी चिकटपट्टी दाबून उचला. तिच्यावर काळी पूड आली तर ती पूड लेन्स काढताना कॅमेऱ्यात जात असणार. जुन्या नायलॉनच्या बॅगेचा आतला जलरोधक थरही असाच सुटतो: हात लावला की चिकट लागतो आणि आंबूस वास येतो. हा थर दुरुस्त होत नाही.

बाहेरचं कापड आणि शिलाई चांगली असेल तर बॅग टाकायची गरज नाही. अस्तराची एका बाजूची शिलाई उसवा, जुना फोम पूर्ण काढा, आतलं कापड झाडून पुसून घ्या, आणि १० मिमी जाडीचा बंद पेशींचा ईव्हीए किंवा पॉलिइथिलीन फोम मापाने कापून बसवा. हा फोम पाणी शोषत नाही आणि पॉलियुरेथेनसारखा भुसा होत नाही. तळाला १० मिमी पुरत नाही, तिथे दोन थर द्या. कॅमेऱ्यात गेलेले कण काढताना शटरच्या पडद्यावर डब्यातली दाबलेली हवा मारू नका. हवा मारायच्या रबरी फुग्याने, कॅमेरा उलटा धरून, हलकेच.

मीटरची सुई, रेंजफाइंडर, पडदा

झाकणाला टिचबटणाऐवजी लोहचुंबक असलेल्या बॅगा आता पुष्कळ आहेत. फिल्मवर चुंबकाचा परिणाम होत नाही. पण सुईचा मीटर हा गॅल्व्हनोमीटर असतो आणि जवळच्या जोरदार चुंबकाने त्याची सुई सरकते. तपासायला कॅमेरा स्थिर उजेडात धरा, व्ह्यूफाइंडरमध्ये सुई पाहत राहा आणि दुसऱ्याला बॅगेचं झाकण हळूहळू जवळ आणायला सांगा. सुई हलली तर कॅमेऱ्याचा मीटर झाकणापासून दूर राहील असा कप्पा बदला, किंवा बकलची बॅग घ्या.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात ज्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा त्या वर-खाली सरकणं हे बहुतेक वेळा धक्क्यांचं काम. गाडीच्या जमिनीवर किंवा दुचाकीच्या टाकीवर ठेवलेल्या बॅगेत सततची बारीक थरथर स्क्रू सैल करते. बॅग अंगावर ठेवा, शरीर थरथर खातं.

लायका, झॉर्की, फेड अशा कापडी पडद्याच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत पडद्याआड आरसा नसतो. उघड्या बॅगेतून ऊन थेट लेन्सवर पडलं तर भिंगासारखं जाळून पडद्याला सुईएवढं भोक पडू शकतं, आणि मग प्रत्येक फ्रेमवर एकाच जागी डाग येतो. बॅगेत लेन्सवर टोपण हवंच. फोटो काढताना मात्र ते काढलंय याची खात्री हाताने करा, कारण अशा व्ह्यूफाइंडरमधून टोपण दिसत नाही.

बॅग घेताना मोजायचं काय

जाहिरातीतलं ‘एक बॉडी, दोन लेन्स’ हे माप विसरा. कॅमेरा लेन्स, टोपण आणि पट्ट्याच्या कड्यांसह टेबलावर ठेवा आणि सर्वांत बाहेर येणारी टोकं धरून मोजा. ५० मिमी लेन्स लावलेला ३५ मिमी एसएलआर साधारण १४५ मिमी रुंद, ९५ मिमी उंच आणि ९० ते १०० मिमी खोल भरतो. आतलं माप प्रत्येक बाजूला १० मिमी जास्त हवं, म्हणजे सुमारे १६५ × ११५ × १२० मिमी. दहाच्या जागी तीस मिमी जास्त असेल तर कॅमेरा आत आपटेल. तेव्हा डिव्हायडर सरकवून जागा कमी करता येते का ते बघा. बॅगेचं बाहेरचं माप देऊन आतलं न देणाऱ्या वर्णनावर भरवसा ठेवू नका, दोन्हींत सहज ४० मिमीचा फरक असतो.

एसएलआर बॅगेत लेन्स खाली करून ठेवणं सोयीचं, पण बॉडीच्या दोन्ही बाजू डिव्हायडरच्या काठांवर टेकल्या पाहिजेत आणि लेन्स अधांतरी लटकली पाहिजे. वजन लेन्सच्या पुढच्या कडीवर आलं तर बॅग खाली ठेवताना फिल्टरच्या आट्या चेपतात. तपासण्यासाठी लेन्सखाली कागद सरकवा, तो अडथळ्याशिवाय निघाला पाहिजे. १३५ मिमीपुढच्या लांब, जड लेन्स बॉडीला लावून बॅगेत ठेवू नका. प्रत्येक हादऱ्याला सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स बसते त्या कडीवर, येतो.

दोन भिंगांचे टीएलआर कॅमेरे उभे असतात. याशिका-मॅट १२४जी सुमारे १०१ × १४८ × १०४ मिमी आणि ११०० ग्रॅम आहे. त्याला रुंद आणि उथळ बॅग निरुपयोगी, साध्या चौकोनी उंच बॅगेत तो नीट बसतो. आत ठेवण्याआधी फोकस अनंतावर आणून पुढची पाटी पूर्ण आत घ्या आणि वरची झडप मिटवा. फोल्डिंग कॅमेरा मिटवतानाही अनेक मॉडेलमध्ये फोकस अनंतावर लागतो, नाहीतर भाता आणि पट्ट्या वाकतात. १२० फिल्मच्या कॅमेऱ्यात मागची लाल खिडकी झाकणाच्या बाजूला येणार नाही असा तो ठेवा, आणि खिडकीला सरकतं झाकण असेल तर ते बंद करा.

वजनाचा विचार बॅगेच्या पट्ट्याशी जोडा. ऑलिंपस ओएम-१ ची बॉडी ५१० ग्रॅम, निकॉन एफएम ५९०, मीटरवाल्या प्रिझमसह निकॉन एफ२ आठशेच्या पुढे. लेन्ससकट ममिया आरबी६७ अडीच किलोच्या वर जातो. एक किलोपर्यंत ३८ मिमी रुंद पट्टा चालतो, त्यापुढे ५० मिमी हवा. पट्टा बॅगेच्या फक्त वरच्या काठाला शिवलेला आहे की बाजूने खालपर्यंत नेलेला आहे ते पाहा. आरबी६७ एवढ्या वजनाला खालपर्यंत नेलेला पट्टाच घ्या, आणि शक्य असेल तर पाठीवरची बॅग.

बंद करण्याच्या प्रकारात प्लास्टिक दातांची चेन आणि आतून कापडाची झडप हे मला सर्वांत बरं वाटतं. उघड्या धातूच्या दातांची चेन कॅमेरा काढताना वरच्या काळ्या रंगावर ओरखडे पाडते. वेल्क्रोचा काटेरी भाग पट्ट्याचे धागे ओढतो. मेण लावलेलं जाड कॅनव्हास पाऊस छान अडवतं, पण उन्हात तापलं की मेण कॅमेऱ्याच्या कातडी आवरणाला लागतं, म्हणून आतून वेगळं अस्तर हवंच. पूर्ण जलरोधक, तोंड गुंडाळून बंद करायची बॅग पावसापुरती वापरा आणि छताखाली येताच उघडा, कारण आतली ओलही ती तितक्याच निष्ठेने धरून ठेवते. बंद गाडीत उन्हात कुठलीच बॅग ठेवू नका. उष्णतेने लेन्समधलं वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं.

आतलं अस्तर फिकट करडं किंवा पिवळं घ्या. काळ्या अस्तरात काळं टोपण आणि काळी बटण बॅटरी शोधताना अर्धं सामान बाहेर येतं.

फिल्मचा कप्पा

३५ मिमीचा डबा सुमारे ३२ मिमी व्यासाचा आणि ५० मिमी उंच असतो, १२० चा रोल साधारण ६४ मिमी लांब. पाच डबे एका ओळीत बसतील असा १७० मिमीचा बाहेरचा कप्पा सोयीचा. काढलेले आणि न काढलेले रोल वेगवेगळ्या बाजूंना ठेवा. काढलेल्या ३५ मिमी रोलची शेपटी पूर्ण आत घेतली तर दुसऱ्यांदा भरायची चूक होत नाही.

विमानप्रवासात फिल्म चेक-इन सामानाच्या बॅगेत टाकू नका, तिथली तपासणी यंत्रं फिल्म खराब करतात. हातातल्या सामानासाठी नवी सीटी यंत्रं जिथे आहेत तिथे एका फेरीतही फिल्म धुरकटू शकते. सगळे रोल डब्यांतून काढून एका पारदर्शक, चेनच्या पिशवीत बॅगेच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवा आणि रांगेत पोहोचण्याआधी हातात घ्या, म्हणजे हाताने तपासण्याची विनंती करताना पिशवी लगेच पुढे करता येते. कॅमेऱ्यात रोल अर्धा झालेला असेल तर त्याचीही तीच विनंती करावी लागते, नाहीतर प्रवासाच्या आदल्या दिवशी तो संपवून गुंडाळून घ्या.